मुळाचं मुळाला, लांबीचं लांबीला

लग्न होऊन जालना जिल्ह्यातल्या अंबडला आलेली मुलगी चार-पाच महिन्यांनी माहेरी फोन करून सांगते, "इथलं पाणी मला मानवलंच नाही गं आई. केस मुठी-मुठीनं चाललेत." सासूही ते नाकारत नाही. बोअरचं पाणी जड आहे हे तिला ठाऊक असतं. डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो, साबण कितीही घासला तरी फेस येत नाही. असलं पाणी डोक्यावर घेतल्यावर केस कसे राहायचे? दोघींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं चुकतं, आणि त्यापायी तरण्याताठ्या मुली वर्ष-दोन वर्षं तेलाच्या बाटल्या बदलत राहतात. दुखणं भलतीकडेच असतं आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

केसाचा जिवंत भाग आपल्याला दिसत नाही. तो डोक्याच्या कातडीत तीन-चार मिलिमीटर खोल, मुळाशी असतो. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. रक्तातून येणारी प्रथिनं, लोह, जस्त घेऊन त्या केराटिन नावाचं चिवट प्रथिन घडवतात आणि घडलेला केस हळूहळू वर सरकतो. कातडीच्या बाहेर आला की त्यात जीव उरत नाही. रक्त नाही, मज्जातंतू नाही. म्हणून तर कात्री लागली तरी दुखत नाही. आपण ज्याला तेल लावतो, ज्याला विंचरतो, तो केस घडून झालेला असतो. त्याला वरून पोसता येत नाही, जपता मात्र येतं. पोसायचं असेल तर मुळाला, आणि मुळापर्यंत जाणारी वाट पोटातून, रक्तातून जाते. केसांच्या निगेतले बहुतेक घोटाळे ही दोन कामं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा सेंटिमीटर. हा वेग तेलाने दुप्पट होत नाही. बाजारात कुणी काहीही सांगो, निरोगी माणसाच्या केसाचा वेग फारसा हलत नाही. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आकसतं, नंतर सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर राहतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून नवा केस निघतो. एका वेळी दहातले आठ-नऊ केस वाढीत असतात, बाकीचे विश्रांतीत. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं हा आजार नाही. आठवड्यातून एकदा डोक्यावरून न्हाणारी बाई त्या दिवशी विंचरते तेव्हा चार-सहा दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि गुंतवळ पाहून तिच्या पोटात गोळा येतो. गुंतवळ साठवून केसांवर भांडी देणाऱ्या फेरीवाल्याला घालायची रीत आपल्या खेड्यांत आहे. गुंतवळाचा गोळा नेहमीएवढाच भरतो आहे का, एवढं पाहावं. एका न्हाणातला आकडा मनाला लावून घेऊ नये.

एखादीची वेणी कमरेखाली जाते आणि तिच्या सख्ख्या जावेची खांद्याखाली उतरत नाही, त्याचंही उत्तर याच चक्रात आहे. जिचा केस सहा वर्षं वाढतो तिला लांबी मिळते. जिचा तीन वर्षांत थांबतो तिला चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पुढे जाताच येत नाही. हे आईवडिलांकडून आलेलं असतं. जावेचं तेल मागून आणण्याने ते बदलणार नाही.

आता त्या नव्या सुनेकडे येऊ. विश्रांतीतला केस गळायला सुमारे तीन महिने लागतात, हे इथे कामाला येतं. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीतले पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. तीन महिन्यांनी ते सगळे एकदम सुटतात. म्हणून आज हातात येणाऱ्या केसांचं कारण आजच्या पाण्यात शोधायचं नसतं, अडीच-तीन महिने मागे जायचं असतं. लग्नाआधी बारीक दिसायला केलेले उपास, लग्नघरातली जागरणं, घर बदलल्याचा ताण, आणि नव्या घरात सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल ते खाणं, हे सारं त्या तीन महिन्यांत येऊन गेलेलं असतं. पाणी नेमकं त्याच सुमारास बदललेलं, म्हणून बोट पाण्याकडे जातं.

बाळंतपणानंतरचं केस गळणंही याच हिशोबाने चालतं. मूल आईला ओळखायला लागलं की तिचे केस गळतात, असं आपल्याकडे म्हाताऱ्या बायका सांगतात. बाळ माणूस ओळखून हसायला लागतं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकून राहतात आणि बाळंतपणानंतर ते एकदम विश्रांतीत जातात. तीन महिन्यांनी गळतात. कारण बाळाच्या ओळखण्यात नाही, पण वेळ या बायकांनी अचूक पकडली आहे आणि त्यांच्या निरीक्षणाचा मला मनापासून आदर वाटतो. टायफॉईड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन यांच्यानंतरही असंच होतं. कोरोनातून उठलेल्या कितीतरी जणांनी दोन-तीन महिन्यांनी केस गेल्याची तक्रार केली, तीही अशीच. हे गळणं बहुधा आपोआप थांबतं आणि केस परत येतात, मात्र शरीराची झीज भरून निघाली तर.

पाण्यावर संशय आणि कारण पोटात, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात घडला. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांतून विचित्र बातम्या येऊ लागल्या. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. बायका, पुरुष, कॉलेजच्या मुली, लहान मुलं, कुणीच सुटलं नाही. आकडा अठरा गावांत दोनशे एकोणऐंशीपर्यंत गेला. लग्नं अडली, मुलींनी कॉलेजला जाणं सोडलं. हा खारपाणपट्ट्याचा भाग, त्यामुळे पहिला संशय साहजिकच पाण्यावर आला. तपासणीत पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. पण खारं पाणी तिथे पिढ्यान् पिढ्यांचं आहे. केस मात्र त्याच महिन्यात गेले होते. बुरशीचा संशय घेऊन झाला. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली.

त्याच सुमारास महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर तिथे पोचले. विंचूदंशावरच्या कामामुळे ते जगभर ओळखले जातात, आणि ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले, आणि घरात लोक काय खातात तेही पाहिलं. रेशनवर आलेल्या, बाहेरच्या राज्यातल्या गव्हात त्यांना सेलेनियम प्रचंड आढळलं, स्थानिक गव्हाच्या सुमारे सहाशे पट. रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेलं होतं आणि जस्त घटलेलं होतं. गव्हात सेलेनियम येतं ते जमिनीतून, आणि पंजाबात शिवालिकच्या पायथ्याच्या काही पट्ट्यांत जमिनीतच ते जास्त आहे, ही गोष्ट शेतीशास्त्राला आधीपासून माहीत आहे.

सेलेनियमने केस का जावेत? केराटिनचा चिवटपणा गंधकामुळे येतो. केसातल्या प्रथिनांचे धागे गंधकाच्या जोडांनी एकमेकांना धरून असतात. केस जळाल्यावर जो उग्र वास सुटतो तो त्या गंधकाचा. सेलेनियम रसायनशास्त्रात गंधकाच्या जवळचं भावंड. शरीराला ते मायक्रोग्रॅममध्ये मोजावं इतकंच लागतं. त्याहून फार जास्त गेलं तर ते गंधकाच्या जागी शिरतं आणि मग जोड टिकत नाहीत. नखंही त्याच केराटिनची. सेलेनियमची विषबाधा जुनी असेल तर नखं ठिसूळ होतात, गळतात. तो गहू खाणं थांबल्यावर पुष्कळ जणांना काही आठवड्यांत केस परत फुटू लागले, कारण मूळ मेलेलं नव्हतं. यावरून रेशनच्या प्रत्येक गव्हाला नावं ठेवू नयेत. मुळाशी काय पोचतं ते डोक्यावर काय ओतलं यापेक्षा किती बलवान असतं, हे मात्र शेगावइतकं उघडपणे क्वचितच दिसलं असेल.

अंबडच्या घरांत विषापेक्षा उणीव जास्त आहे, आणि त्यातही लोहाची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. शरीर लोहाचं वाटप करतं तेव्हा हृदय, मेंदू, स्नायू यांचा मान आधी असतो. केसाविना माणूस जगतो, म्हणून केसाचं मूळ शेवटी. हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही साठ्यातलं लोह संपलेलं असू शकतं. तो साठा पाहायची फेरिटिन नावाची वेगळी तपासणी आहे. केस सतत तीन-चार महिने जात असतील तर तेलाच्या तीन बाटल्यांचे पैसे त्या तपासणीत घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोसायला लागणारं बरंचसं आपल्या शिवारातच आहे. बाजरी, हरभरा, मटकी, तीळ, जवस, शेंगदाणे, पालेभाज्या. यातलं लोह वनस्पतीतलं, त्यामुळे ते सहजी शोषलं जात नाही. धान्या-कडधान्यांतली फायटेटं त्याला धरून ठेवतात. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवून अंबील केली की ही पकड सैल होते. सोबत क जीवनसत्त्व असेल तर लोह चांगलं मुरतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, अंबडच्या शिवारात बागा आहेत, आणि तरी जेवताना मोसंबीची फोड किंवा भाजीवर लिंबू पिळणं किती घरांत होतं? उलट जेवणावर लगेच चहा येतो. चहातली टॅनिनं लोह अडवतात. तो तास-दीड तास पुढे ढकलला तरी फायदा होतो. जे खातात त्यांनी अंडी, मासे, मटण जरूर खावं. मासे-मटणातलं लोह आणि तिन्हींतलं प्रथिन लवकर अंगी लागतं. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्यामागे हेच शहाणपण आहे, अळिवात लोह भरपूर असतं. ते लाडू बाळंतपणातच का, हे मला कळत नाही. दहावीतल्या मुलीलाही, पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला रक्त जाणाऱ्या प्रत्येकीलाच, त्यांची गरज असते.

बायोटिनच्या गोळ्यांचा सध्या फार बोलबाला आहे. नीट जेवणाऱ्या माणसात बायोटिनची उणीव अगदी क्वचित होते, आणि नसलेली उणीव भरून केस वाढत नाहीत. शिवाय या गोळ्यांनी थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे बिघडू शकतात. थायरॉईड हेच केस जाण्याचं एक मोठं कारण असल्याने हा गोंधळ महागात पडतो.

मुळाची बाजू इथवर. आता लांबीकडे. महिन्याला सेंटिमीटर वाढून केस लांब दिसत नसेल, तर बहुधा तो खालून तेवढाच तुटतो आहे. केसाच्या अंगावर पातळ खवल्यांचं आवरण असतं, घरावर कौलं घालावीत तसं एकावर एक, तोंड टोकाकडे. ते आवरण शाबूत असेल तोवर आतलं प्रथिन सुरक्षित राहतं आणि केस चमकतो. ते उचकटलं की केस खरखरीत होतो, गुंततो, फाटे फुटतात.

तेलाचं खरं काम इथे आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून पाहिली. केस धुताना त्यातून जे प्रथिन निघून जातं ते फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं. आधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं. आत तेल असलं की धुताना केस पाण्याने कमी फुगतो, आणि फुगणं-आकसणं कमी झालं की खवले उचकटत नाहीत. खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलं संशोधन आहे हे लक्षात ठेवावं, पण त्यातला कार्यकारणभाव पक्का आहे. मराठवाडा करडई आणि तिळाचा. घरच्या घाण्याचं करडईचं तेल वरून गुळगुळीतपणा देईल, विंचरताना ओढ कमी करील. आत शिरण्याच्या कामात खोबरेल सरस.

मग तेल लावायचं कुठे? आपण डोक्यावर तेल थापतो आणि टोकं कोरडी ठेवतो. टोकं सर्वांत जुनी. कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक चार-पाच वर्षांपूर्वी मुळातून बाहेर पडलेलं असतं. तितके उन्हाळे त्याने सोसलेले असतात. न्हाण्याच्या आदल्या रात्री, नाहीतर तास-दोन तास आधी, मधल्या भागापासून टोकापर्यंत तेल चोळावं. डोक्याला मालीश करायला हरकत नाही, बरं वाटतं, झोप लागते. मात्र कोंडा असेल तर डोक्याच्या कातडीला तेल नको. कोंडा वाढवणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलावरच जगते. "कातडी कोरडी पडली म्हणून कोंडा झाला" असं समजून तेल ओतणारे तिला रोज जेवू घालतात. त्यावर केटोकोनॅझोलचा शाम्पू लागतो, तो डॉक्टरला विचारून घ्यावा.

आता पाणी. अंबडच्या खाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं, आणि दुष्काळात बोअर जितकं खोल जातं तितकं ते बहुधा जड होत जातं. साबण या पाण्यात पडला की क्षारांशी जुळून चिकट पांढरी साय होते. ती केसावर बसते, केस राठ होतात. नव्या सुनेचं म्हणणं इथे बरोबर ठरतं: तिचे केस पाण्याने राठ झाले, तुटायला लागले. जड पाण्याने केसाची ताकद किती घटते याबद्दल अभ्यासांचा एकमेळ नाही. काहींत फरक दिसला, काहींत नाही. पण ते मुळाला मारत नाही. तुटलेला केस आणि मुळासकट गळलेला केस ओळखता येतो. गळलेल्याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, तुटलेल्याला तो नसतो. पांढरी चादर अंथरलेल्या खाटेवर गुंतवळ पसरून एकदा पाहिलं की तक्रार मुळाची आहे की लांबीची, हे घरच्या घरी कळतं.

उपाय साधे आहेत. डोक्याला अंगाचा साबण कधीच लावू नये. तो अल्कधर्मी असतो, त्याने खवले उघडतात आणि साय होते ती वेगळी. शाम्पूतल्या फेसकांची जड पाण्यात अशी साय होत नाही. शेवटचे दोन तांबे तरी मऊ पाण्याचे घ्यावेत: जायकवाडीच्या योजनेचं नळाचं पाणी, पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी. पहिल्या पावसाचं सोडून द्यावं, त्यात वर्षभराची धूळ असते. या पाण्यात थोडा लिंबाचा रस गाळून घातला तर क्षारांचा थर सुटायला आणि खवले बसायला मदत होते. लिंबू थेट डोक्यावर चोळून उन्हात बसू नये, त्याने कातडी भाजल्यासारखी काळवंडते.

शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो आणि तिच्यातली सॅपोनिनं मळ सोडवतात, पण केसावरचं सगळं तेल ओरबाडत नाहीत. शेंगा, थोडा रिठा, आवळकाठी रात्री भिजत घालून सकाळी उकळायच्या आणि फडक्यातून गाळून घ्यायच्या. गाळणं महत्त्वाचं. नुसती पूड डोक्यावर घातली की कण केसांत अडकतात आणि ते काढताना केस तुटतात. रिठा जास्त झाला तर केस कोरडे पडतात. मेथी भिजवून वाटली किंवा जास्वंदीची पानं चुरली की जो बुळबुळीत चीक निघतो तो केसावर पातळ थर धरतो आणि गुंता सुटतो. आजीच्या या गोष्टी लांबीच्या कामाला उत्तम आहेत. त्यांच्याकडून मुळाची अपेक्षा करू नये. माका पाटाच्या कडेला उगवतो, त्याचं तेल काढतात. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने केस लवकर वाढीला लागल्याचं दिसलं आहे, माणसांवर मात्र तसे मोठे, नीट तुलनेचे प्रयोग झालेले नाहीत.

ओला केस ताणला की फार लांबतो आणि त्याची आतली घडण विस्कटते. म्हणून न्हाऊन आल्याबरोबर टॉवेलने फटफट झटकणं आणि बारीक कंगव्याने ओढणं सोडावं. जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्यात केस दाबून पाणी टिपावं. सरळ केस जवळपास वाळल्यावर विंचरावेत. कुरळ्या केसांचं तंत्र उलटं आहे. त्वचेचं तेल वळणावळणाने खाली उतरत नाही, म्हणून ते जात्याच कोरडे, आणि प्रत्येक वळण ही तुटायची जागा. ते तेल किंवा मेथीचा चीक लावलेले, ओलसर असताना मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर वर येत सोडवावेत. वाळल्यावर विंचरले की ते फुगतात आणि तुटतात, मग घरातले त्यांना झिपऱ्या म्हणतात. कुरळ्या केसांच्या मुलीला लहानपणापासून हे ऐकावं लागतं आणि पुढे ती पार्लरमध्ये केस सरळ करून घ्यायला पैसे साठवते. मला याचं वाईट वाटतं, कारण केसांत दोष नव्हता, कंगवा चुकीच्या वेळी फिरत होता. सरळ करण्याच्या काही रसायनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. ग्लायॉक्सिलिक आम्ल असलेल्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रकरणही २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आहे.

विंचरणं टाळल्याने केस वाचतात, असं काही जणी समजतात. रोज सुटणारे केस काढलेच नाहीत तर ते शेजारच्या केसांत गुरफटतात. खवल्यांचं तोंड एकाच दिशेला असल्याने घर्षणाने ते आत आत जात घट्ट होतात, घाम आणि धूळ त्यात मुरते आणि जट तयार होते. जटेत देवीचा कोप किंवा कृपा नसते. ती मानेवर ओझं टाकते, खाली जखमा आणि उवा होतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन, घरच्यांची भीती समजून घेत, दोनशेहून अधिक बायकांच्या जटा कापल्या आहेत. केसांच्या निगेवर महाराष्ट्रात झालेलं याहून मोलाचं काम मला माहीत नाही.

शाळकरी मुलींच्या दोन वेण्या रिबिनी लावून इतक्या आवळतात की कपाळाची कातडी ताणली जाते. वर्षानुवर्षं ही ओढ राहिली तर कानशिलाजवळचे केस विरळ होतात आणि मूळ कायमचं मरू शकतं. रात्री वेणी सैल घालावी. कापूस वेचायला किंवा ऊस तोडायला जाणाऱ्यांनी डोक्याला सुती फडकं जरूर बांधावं, मराठवाड्याचं ऊन केसातलं प्रथिन तोडतं. पण ओले केस बांधून त्यावर फडकं आवळू नये.

जावळ काढल्याने केस दाट येतात, ही समजूत रिवाजाइतकीच जुनी. वस्तऱ्याने कापलेल्या केसाला निमुळतं टोक नसतं, म्हणून हाताला तो जाड लागतो. कातडीखालच्या मुळांना वस्तऱ्याची खबरही नसते. जावळ श्रद्धेने काढावं, केसांसाठी नको. कांद्याच्या रसाचं तसं नाही. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी तो चाई पडलेल्या रुग्णांवर वापरून पाहिला आणि बऱ्याच जणांना केस आले. पण अभ्यास लहान, आणि चाई हा वेगळाच आजार, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मुळांवर उलटते. त्यावरून रोजच्या केसगळतीला कांदा चोळणं म्हणजे डोळ्यांना पाणी आणि कातडीला आग.

गोल चट्टा पडून केस जात असतील, कातडीवर खवले, पू किंवा दुखरेपणा असेल, भांग दिवसेंदिवस रुंदावत असेल, पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस येत असतील, तर घरी वेळ घालवू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. वंशपरंपरेने विरळ होणाऱ्या केसांवर मिनॉक्सिडिल १९८८ पासून अमेरिकेत बाहेरून लावायचं औषध म्हणून मान्यता पावलेलं आहे. मुळात ते रक्तदाबाचं औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसले तेव्हा त्याचा हा गुण कळला. पहिले काही आठवडे केस जास्तच गळतात, कारण विश्रांतीतल्या केसांना नवे ढकलून देतात, आणि नेमके तेव्हाच घाबरून बरेच जण ते सोडतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते वापरू नये.

लोहाची उणीव भरून काढायला घेतली तरी डोक्यावर फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. मुळाचं चक्र त्याहून लवकर फिरत नाही. पहिली खूण कपाळाच्या कडेला आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना दिसते: बोटभर लांबीचे, उभे राहणारे बारीक केस. पुष्कळ जणी त्यांना तुटलेले समजून तेल-पाणी लावून चापून बसवतात, काही तर भुवयांच्या दोऱ्याबरोबर काढून टाकतात. त्यांचं टोक बोटांच्या चिमटीत धरून पाहावं. ते मऊ आणि निमुळतं असेल तर तो केस नवा आहे, आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टर थांबवायला सांगेपर्यंत चालू ठेवायच्या आहेत.